आभाळ वाचू या

मृग जवळ आला म्हणजे खेड्यातल्या प्रत्येकाची मान वर जाते. जो तो आभाळाकडे पाहू लागतो. बियाणे घरात आलेले असते. खत आणलेले असते. पुष्कळांनी त्यासाठी कर्जही काढलेले असते. आता पेरावे की थांबावे? पेरले आणि पावसाने ओढ दिली, तर बी करपून जाते. थांबले आणि पाऊस लागून राहिला, तर वाफसा मिळत नाही, पेरणी लांबते. या एका प्रश्नावर घराचे वर्षभराचे अन्न अवलंबून असते.

अशा वेळी रेडिओवर किंवा मोबाइलवर हवामानाचा अंदाज येतो. "तुरळक ठिकाणी मध्यम पावसाची शक्यता." दुसऱ्या दिवशी पारावर बोलणे निघते. एक जण म्हणतो, "अहो, पाऊस सांगितला होता, पण आमच्याकडे एक थेंब नाही!" दुसरा म्हणतो, "काय सांगता? आमच्या मळ्याजवळचा ओढा वाहिला की!" दोघेही खरेच बोलत असतात. आणि गंमत अशी की, अंदाजही खोटा ठरलेला नसतो. हे कसे? ते समजण्यासाठी आधी ढग म्हणजे काय ते पाहू या.

ढग कशाचा असतो?

ढग वाफेचा असतो, असे आपण सहज म्हणतो. पण ते पुरते बरोबर नाही. पाण्याची खरी वाफ डोळ्यांना दिसतच नाही. चुलीवर चहाची किटली उकळत असेल तेव्हा नीट पाहा. किटलीच्या तोंडाशी थोडी जागा मोकळी दिसते. त्यापुढे पांढरा लोट दिसतो. त्या मोकळ्या जागेत खरी वाफ असते. ती बाहेरच्या हवेत गार होते आणि तिचे बारीक बारीक थेंब बनतात. पांढरा लोट दिसतो तो त्या थेंबांचा. आभाळातला ढगही असाच असतो. तो पाण्याच्या अगदी बारीक थेंबांचा असतो. फार उंचावरचा ढग बर्फाच्या कणांचा असतो.

आपल्या भोवतालच्या हवेतही अशी न दिसणारी वाफ असते. ती समुद्रातून येते, तळ्या-नद्यांतून येते, ओल्या जमिनीतून आणि झाडांच्या पानांतून येते. ती आहे हे कशावरून? पावसाळ्याच्या दिवसांत एका तांब्यात बर्फाचे गार पाणी भरून ठेवा. थोड्या वेळाने तांब्या बाहेरून ओला होतो. आतले पाणी काही झिरपलेले नाही. तांब्या म्हणजे काही माठ नव्हे. ते पाणी बाहेरच्या हवेतले आहे. गरम हवेत पुष्कळ वाफ मावते, गार हवेत थोडी मावते. तांब्याजवळची हवा गार झाली, तिच्यात वाफ मावेना, म्हणून ती पाणी होऊन तांब्यावर बसली. पहाटे गवतावर दंव पडते तेही याच कारणाने.

तर मग ढग होण्यासाठी काय हवे? वाफ असलेली हवा हवी आणि ती गार व्हायला हवी. बस्स.

हवा गार कशी होते?

चुलीचा धूर वर जातो हे आपण रोज पाहतो. तापलेली हवा हलकी होते आणि वर जाते. उन्हाने जमीन तापली की जमिनीवरची हवाही तशीच वर जाते.

पुष्कळांना वाटते की, वर गेले म्हणजे सूर्य जवळ येतो, म्हणून तेथे जास्त गरम असावे. तसे असते तर महाबळेश्वरला उन्हाळ्यात कोणी थंड हवेसाठी गेलेच नसते. हवा वर जाते तसा तिच्यावरचा दाब कमी होतो. दाब कमी झाला की ती पसरते. पसरली की गार होते. सायकलच्या चाकातली हवा सोडून पाहा. सुटणारी हवा बोटाला गार लागते. वर चढणारी हवा दर किलोमीटरला सुमारे १० अंश सेल्सियसने गार होत जाते. काही उंचीवर ती इतकी गार होते की, तिच्यात वाफ मावत नाही. तेथे ढगाचा तळ तयार होतो. दुपारच्या कापसासारख्या ढगांचे तळ एका पातळीत सपाट दिसतात ते यामुळेच.

मात्र वाफेचे थेंब व्हायला बसायला जागा लागते. तांब्याबाहेर ती तांब्यावर बसली. आभाळात ती कशावर बसणार? हवेत धुळीचे, धुराचे आणि समुद्राच्या पाण्यातून उडालेल्या मिठाचे अतिशय बारीक कण तरंगत असतात. वाफ त्यांच्यावर बसते. प्रत्येक कणाभोवती एक थेंब तयार होतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अंगावरचा घाम वाळला की अंगाला गार वाटते, कारण पाण्याची वाफ होताना ती उष्णता घेते. वाफेचे परत पाणी होताना तीच उष्णता बाहेर पडते. त्यामुळे ढगातली हवा आणखी हलकी होते आणि ढग आणखी वर चढतो. भाकरी फुगावी तसे काही ढग पाहता पाहता फुगतात, ते या उष्णतेच्या जोरावर.

ढग आहे, मग पाऊस का नाही?

एक किलोमीटर लांब, तितकाच रुंद आणि तितकाच उंच असा साधा पांढरा ढग घ्या. त्यात सुमारे ५०० टन पाणी असते. एवढे पाणी खाली का पडत नाही? कारण ते फार बारीक थेंबांत वाटलेले असते. ढगातला थेंब साधारण एका मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा असतो. तो इतका सावकाश खाली येतो की, खालून चढणारी हवा त्याला सहज तोलून धरते. पावसाचा एक चांगला थेंब व्हायला असे सुमारे दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात.

ते दोन प्रकारे एकत्र येतात. पहिला प्रकार असा : मोठा थेंब लहान थेंबांवर आपटतो, त्यांना पोटात घेतो आणि आणखी मोठा होतो. दुसरा प्रकार फार उंच ढगांत घडतो. पावसाळ्यात आपल्याकडे सुमारे पाच किलोमीटरच्या वर हवा गोठण्याइतकी गार असते. तेथे बर्फाचे कण वाढतात, जड होतात, खाली येताना वितळतात आणि त्यांचा पाऊस होतो. वितळायला सवड मिळाली नाही तर गारा पडतात.

ढग पातळ असेल, वर चढणारी हवा दुबळी असेल किंवा वरची हवा कोरडी असेल, तर थेंब वाढतच नाहीत. ढग येतात आणि विरून जातात. "आभाळ नुसते भरून येते, पडत मात्र नाही," असे आपण म्हणतो ते अशाच वेळी.

ढगांची ओळख

पिंजलेल्या कापसाच्या धाग्यांसारखे, फार उंच आणि पांढरे दिसतात ते तंतुमेघ. ते बर्फाच्या कणांचे असतात. त्यांतून आपल्यापर्यंत पाऊस पोचत नाही. कापसाच्या ढिगासारखे दिसतात ते राशिमेघ. ते लहान असले तर हवा चांगली राहते. आभाळभर करडी गोधडी पसरावी तसे दिसतात ते स्तरमेघ. त्यांतून भुरभुर पडते. हीच गोधडी जाड आणि काळपट झाली म्हणजे संततधार लागते.

चौथा ढग मात्र ओळखलाच पाहिजे. तो राशिमेघच, पण डोंगरासारखा वाढलेला. तळाला काळाकुट्ट आणि माथ्यावर ऐरणीसारखा पसरलेला. हा गर्जन्मेघ. त्याची उंची दहा-पंधरा किलोमीटरही होते. वळवाचा पाऊस, वीज, गारा आणि वादळी वारा त्याच्याच पोटी. हा ढग रुंदीला मात्र काही किलोमीटरच असतो आणि एकटा ढग तासाभरात ओसरतो. म्हणून वळीव एका शिवारात धो धो पडतो आणि शेजारच्या शिवारात धूळ उडत असते.

पाऊस येण्याआधी गार वारा सुटतो, तोही याच ढगातून येतो. थेंब खाली पडताना वाटेतल्या कोरड्या हवेत काही थेंबांची वाफ होते. त्यामुळे ती हवा गार आणि जड होऊन खाली कोसळते आणि जमिनीवर चोहीकडे पसरते.

सह्याद्रीची भिंत

हवा वर चढवायला ऊनच लागते असे नाही. डोंगरही तेच काम करतो. पावसाळ्यात अरबी समुद्रावरून वाफेने भरलेले वारे कोकणावर येतात. पुढे सह्याद्री आडवा उभा. वारे तो चढून जातात, गार होतात आणि आपले पाणी तेथेच टाकतात. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे. तेथे वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो. पुणे तेथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरसुद्धा दूर नाही. पण तेथे वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटरच पडतो. घाट ओलांडून वारे खाली उतरले की ते पुन्हा तापतात. त्यांतले ढग विरतात. माण, खटाव, आटपाडी हा सारा भाग अशा पर्जन्यछायेत येतो. माणदेशाचा दुष्काळ कोणाच्या पापाने आलेला नाही. ती वाऱ्याची आणि डोंगराची करणी आहे.

अंदाज कसा बांधतात?

भारताचे हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. १९२८ साली त्याची मुख्य कचेरी सिमल्याहून पुण्याला आली. म्हणून पुण्यातल्या त्या कचेरीला आजही सिमला ऑफिस म्हणतात. पुढे १९४४ साली मुख्य कचेरी दिल्लीला गेली. पुण्यातले काम मात्र चालूच राहिले.

अंदाज बांधायचा तर आज हवा कशी आहे ते आधी कळले पाहिजे. त्यासाठी ठिकठिकाणी ठरलेल्या वेळी हवेचे तापमान, दाब, ओलावा, वारा आणि पाऊस मोजतात. मुंबई, नागपूर अशा ठिकाणांहून यंत्र बांधलेले फुगे आभाळात सोडतात. ते वर जाता जाता रेडिओने माहिती पाठवतात. उपग्रह वरून ढगांची चित्रे घेतात. रडार ढगातल्या थेंबांचा माग काढते. ही सारी माहिती मोठ्या संगणकांना देतात. हवा कोणत्या नियमांनी हलते, तापते आणि गार होते, ते नियम ठाऊक आहेत. त्यांवरून संगणक पुढच्या दिवसांचा हिशोब मांडतो.

हा हिशोब साऱ्या पृथ्वीवर चौकटी पाडून करतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत तयार झालेली नवी पद्धत मे २०२५ मध्ये सुरू झाली. तिच्यात एक चौकट सुमारे सहा किलोमीटरची आहे. त्याआधी ती सुमारे बारा किलोमीटरची होती. चौकट लहान झाली तसा अंदाज गावाच्या जवळ येऊ लागला.

तरी अंदाज चुकतो. तो का? भांड्यातल्या पाण्याला उकळी फुटणार हे तुम्ही सांगू शकता. पण पहिला बुडबुडा कोठून उठेल ते सांगता येते का? ढगांचेही तसेच आहे. जिल्ह्यात गडगडाटी पाऊस होईल हे आदल्या दिवशी कळू शकते. तो तुमच्याच बांधावर पडेल की नाही हे कळत नाही. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच शहरात कुलाब्याला फक्त ७३ मिलिमीटर झाला. एकाच शहरात एवढा फरक, तर तालुक्यातल्या गावागावांत फरक पडणारच.

आणि दिवस लांबले तसा भरवसा कमी होतो. रडारवरून पुढच्या तीन तासांचा अंदाज देतात, तो बराच नेमका असतो. दोन-तीन दिवसांचा अंदाजही चांगला असतो. आठवड्यापलीकडचा अंदाज नुसता कल दाखवतो.

अंदाजाचे शब्द

अंदाजातले शब्द मोघम वाटतात, पण ते मोजूनमापून वापरलेले असतात. आपल्याला त्यांचा अर्थ माहीत पाहिजे.

"तुरळक ठिकाणी" म्हणजे त्या भागातल्या शंभर पर्जन्यमापकांपैकी फार तर पंचवीस ठिकाणी. "काही ठिकाणी" म्हणजे पंचवीस ते पन्नास ठिकाणी. "बऱ्याच ठिकाणी" म्हणजे पन्नास ते पंचाहत्तर ठिकाणी. "बहुतेक सर्व ठिकाणी" म्हणजे त्याहून जास्त. पारावरच्या त्या दोघांचे भांडण आता मिटले ना? "तुरळक ठिकाणी" असे म्हटले, म्हणजे शंभरातली पंचाहत्तर ठिकाणे कोरडी राहणार, असेच सांगितले होते.

पाऊस किती, याचेही माप ठरलेले आहे. चोवीस तासांत साधारण अडीच ते साडेपंधरा मिलिमीटर म्हणजे हलका. तेथून ६४ पर्यंत मध्यम. ६४ च्या वर जोरदार, ११५ च्या वर अति जोरदार आणि २०४ च्या वर अत्यंत जोरदार.

रंगही असतात. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे लगेच हालचाल करा.

आणखी एक पाहावे. अंदाज कोणत्या भागाचा आहे? कोकण, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ असे भाग पाडलेले आहेत. मध्य महाराष्ट्रात महाबळेश्वरही येते आणि सोलापूरही येते. दोहोंना एक माप कसे लागेल? म्हणून आपल्या जिल्ह्याचा आणि जमल्यास तालुक्याचा अंदाज पाहावा. शेतकऱ्यांसाठी दर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला निघतो. 'मेघदूत' या मोबाइलच्या सोयीतही तो मिळतो.

नक्षत्रे आणि खुणा

मग आजोबांची नक्षत्रे खोटी का? मुळीच नाही. सूर्य मृग नक्षत्रात साधारण ७ जूनला येतो. तेव्हा आपल्याकडे पावसाळा सुरू होण्याचे दिवस असतात. पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहून हे ठरवले. पण नक्षत्र ठरल्या दिवशीच लागते, पाऊस मात्र दर वर्षी ठरल्या दिवशी येत नाही. नक्षत्र म्हणजे दिनदर्शिका. सरासरी काय घडते ते ती सांगते. यंदा काय घडेल ते तिला ठाऊक नसते.

चंद्राला खळे पडते, ते उंचावरच्या बर्फाच्या पातळ ढगामुळे. कधी त्यामागून पाऊस येतो, कधी येत नाही. खुणा पाहाव्यात, त्यांतून नजर तयार होते. पण एवढ्यावर बियाणे मातीत टाकू नये.

पेरावे की थांबावे?

शेतीखात्याचा सल्ला असा आहे की, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत ओल खोल जाईपर्यंत कोरडवाहू पेरणी करू नये. पहिला पाऊस कितीही जोराचा असो. वळवाचे पाणी पुष्कळदा वरच्या वर वाहून जाते. वरची माती ओली दिसते, खाली मात्र फुफाटा असतो. कुदळीने उकरून पाहावे. पुरेशी ओल असली आणि पुढच्या आठवड्यात पावसाचा कल असला तर पेरावे. नाही तर थांबावे. चार दिवस थांबल्याने होणारे नुकसान दुबार पेरणीपेक्षा बहुधा कमी असते. दुबार पेरणीत बियाण्याचा पैसा दोनदा जातो, कर्ज मात्र एकाच पिकातून फेडावे लागते.

काढणीच्या वेळी हिशोब उलटा करावा. सोयाबीन कापून शेतात पडलेले आहे. कांदा उघड्यावर आहे. अशा वेळी "तुरळक ठिकाणी" एवढे ऐकले तरी माल झाकावा. पाऊस आला नाही तर थोडी मेहनत वाया जाईल. आला तर हंगाम वाया जाईल. फवारणीआधीही अंदाज पाहावा. नाही तर महागडे औषध धुऊन ओढ्याला जाते.

विजेशी खेळ नको

गर्जन्मेघ दिसला आणि गडगडाट ऐकू आला की, काम तेथेच टाकावे. "एवढी एक पात उरकू" असे म्हणू नये. गडगडाट ऐकू येतो तेथवर वीज पडू शकते. उजेड दिसल्यावर आवाज येईपर्यंत मोजा. दर तीन सेकंदांना वीज सुमारे एक किलोमीटर दूर असते.

पक्क्या घरात जावे. एकट्या झाडाखाली कधीच उभे राहू नये. जास्त माणसे तेथेच दगावतात. तारेच्या कुंपणापासून, पाण्यापासून आणि लोखंडी अवजारांपासून दूर व्हावे. गुरे झाडाला बांधून ठेवू नयेत. जवळ घर नसेल तर दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसावे. जमिनीवर आडवे पडू नये. घोळक्याने उभे राहू नये. शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास जाऊ द्यावा, मग बाहेर पडावे. जवळपास वीज पडण्याचा धोका असला तर पुण्याच्या संस्थेचे 'दामिनी' हे मोबाइलचे साधन आधी सूचना देते. घरातल्या एकाच्या तरी मोबाइलमध्ये ते असावे.

आपला पाऊस आपण मोजू

तालुक्याच्या पर्जन्यमापकावरून आपल्या शिवाराचा पाऊस कळेलच असे नाही. पण तो आपल्याला घरच्या घरी मोजता येतो. तोंड आणि बूड सारख्याच रुंदीचे असे उभट, सपाट बुडाचे भांडे घ्या. ते झाडापासून आणि भिंतीपासून दूर, मोकळ्यावर, हलणार नाही असे ठेवा. रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाण्याची खोली मोजा, लिहून ठेवा आणि पाणी ओतून द्या. हवामान खातेही दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठ ते साडेआठ असाच मोजते.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. पंचवीस मिलिमीटर, म्हणजे जुन्या मापाने एक इंच पाऊस झाला, तर एक एकरावर सुमारे एक लाख लिटर पाणी पडले.

एक वही करा. पहिल्या रकान्यात तारीख लिहा. दुसऱ्यात अंदाज काय होता ते लिहा. तिसऱ्यात पाऊस किती झाला ते लिहा. आता तुम्हाला अक्षर येते आणि आकडाही येतो. घरात मुलगी किंवा सून शिकत असेल तर तिच्याकडे वही द्या. दोन-तीन पावसाळे लिहिलेत की, आपल्या गावाला कोणता अंदाज किती लागू पडतो ते तुम्हालाच कळू लागेल. जूनच्या पावसाची बेरीज ७५ वर गेली की नाही, हे कोणाला विचारावे लागणार नाही. वही उघडा, बेरीज करा, कुदळीने ओल पाहा आणि मग पाभर जुंपा.